काउन्सेलरला ई-मेल करण्याआधी

प्रिय ताई,
आम्ही न्यू जर्सीत राहतो, मूळचे सांगलीकडचे. मुलगी अकरावीत आहे. मागच्या महिन्यात शाळेच्या पोर्टलवर तिची हजेरी बघत होते, तर तिसऱ्या तासापुढे 'गायडन्स' असा शेरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच. विचारलं तर म्हणाली, "शेड्यूल चेंज करायचं होतं." शेड्यूल काही बदललेलं नाही. मग तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं, की ती शाळेच्या काउन्सेलरकडे, म्हणजे त्या गायडन्सच्या खोलीत, जाऊन रडते. मैत्रिणीच्या आईकडून! घरात आम्हाला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. मार्क चांगले आहेत, भरतनाट्यम चालू आहे, जेवणखाण नीट आहे.

ह्यांचं म्हणणं, सरळ काउन्सेलरला ई-मेल करू, आपण आईवडील आहोत, आपल्याला कळायलाच हवं. गणिताच्या वरच्या वर्गासाठी गेल्या वर्षी त्यांचा काउन्सेलरशी बराच पत्रव्यवहार झालाय, त्यामुळे ओळखही आहे. माझी भीती वेगळी आहे. हे कॉलेजच्या फाइलमध्ये जाईल का? तिने घरातलं काही सांगितलं असेल तर आमच्यावर काही येईल का? आमचं ग्रीन कार्ड अजून झालेलं नाही, एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच आहोत, म्हणून जास्त धास्ती. सासूबाई सध्या इथे आहेत. त्या म्हणतात, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. काय करावं?
— एक आई, न्यू जर्सी

ई-मेल करू नका. निदान तुमचे यजमान म्हणतात तो तर नकोच. बाकीचं सविस्तर लिहिते, पण हे आधी, कारण एव्हाना तो ड्राफ्टमध्ये तयार असणार.

मी रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. वर्गात ती जोडाक्षरांवर अडतात, पण मधल्या सुट्टीत वडापाव खाताना घडाघडा बोलतात. काउन्सेलरचा विषय निघाला की जे ऐकू येतं ते साधारण असं. एक मुलगा म्हणाला, "शी इज नाइस, पण ती आईची फ्रेंड आहे." एक मुलगी म्हणाली, "मला आधी इंडियन पेरेंट्स म्हणजे काय ते एक्स्प्लेन करावं लागतं, तोवर बेल होते." आणि एकीला सल्ला मिळाला होता, की घरात आपल्या मर्यादा स्पष्ट सांगायला शिक. तिचा प्रश्न: "आजीसमोर?" सगळे खो खो हसले. मीही हसले, पण या तीन वाक्यांत बहुतेक सगळं आलं.

लहानपणी या मुलांना काउन्सेलर आवडते. एलिमेंटरीत ती वर्गात येते, राग आला तर काय करायचं याच्या गोष्टी वाचून दाखवते, चारपाच मुलांना डबा घेऊन आपल्या खोलीत जेवायला बोलावते. ज्यांना बोलावणं येतं ती मिरवतात. मिडल स्कूलमध्ये चित्र पालटतं. ग्रुप चॅटवर भांडण झालं, कुणी कुणाला वाळीत टाकलं, की काउन्सेलर बोलावते, आणि वर्गातून उठताना मागून 'ऊऽऽ' असा कोरस येतो. हायस्कूलला पोचेपर्यंत मुलांच्या लेखी ही बाई विषय बदलून देणारी आणि कॉलेजचे कागद पाठवणारी उरते.

त्या खोलीत एकदा बसून बघा. दाराला काचेची उभी पट्टी, म्हणजे आत कोण आहे ते कॉरिडॉरमधून दिसतं. भिंतीवर कॉलेजांचे तिकोनी झेंडे. टेबलावर जॉली रँचरच्या गोळ्यांची वाटी, तिच्या शेजारी टिश्यूचा खोका. बाहेरच्या बाकावर पुढची तीन मुलं मोबाइल बघत बसलेली. तिथे जायला तासातून उठून पास घ्यावा लागतो, म्हणजे वर्गातल्या पंचवीस जणांना कळतं. सोळा वर्षांच्या मुलीने हे सगळं पार करून, झेंड्यांकडे पाठ करून, त्या खोक्यातला टिश्यू घेतला असेल, तर ते तिने सहज केलेलं नाही. आणि एकदा जाऊन ती पुन्हा गेली. तिथे तिला काहीतरी मिळालं असणार, असं मी तरी समजते.

एकच माणूस वेळापत्रकही बघतो आणि रडणंही, हा विचित्र संसार अमेरिकेत आला तो इतिहासामुळे. १९५७च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. आपली हुशार मुलं विज्ञानाकडे वळत नाहीत म्हणून अमेरिका हादरली, आणि १९५८मध्ये तिथल्या काँग्रेसने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्यात मुलांच्या चाचण्या घ्यायला, हुशार मुलं हेरायला आणि त्यांना कॉलेजच्या वाटेवर लावायला पैसे दिले. त्या पैशांतून शाळाशाळांत काउन्सेलर आले. मनाचं दुखणं ऐकण्याचं काम त्यांच्या अंगावर पडत गेलं, पण कॉलेजचं काम सुटलं नाही. शिवाय आकडा बघा. तिथल्या काउन्सेलरांची राष्ट्रीय संघटना म्हणते, एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत. २०२२-२३ची देशभराची सरासरी ३८५ होती. वाटणी पुष्कळदा आडनावाच्या आद्याक्षरावरून होते, म्हणजे पाटील, पटेल, पटवर्धन आणि पेरेझ सगळे एकीच्याच वाट्याला. १ नोव्हेंबरच्या आसपास, लवकर अर्ज करणाऱ्या बारावीच्या मुलांची गर्दी असते तेव्हा, तिला डोकं वर काढायला फुरसत नसते. मुलं म्हणतात 'शी इज ऑलवेज बिझी', त्यात तक्रारीपेक्षा निरीक्षण जास्त आहे.

आता 'आईची फ्रेंड' या वाक्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं मला खुपलेलं ते तिथेच आहे. आपण मराठी आईबाप काउन्सेलरला ई-मेल कधी करतो? मुलगा ऑनर्स गणितात का नाही, एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय चारच का, पाच का नाहीत, शेजाऱ्याच्या मुलीला जे दिलं ते आमच्या मुलीला का नाही. सीसीमध्ये मुख्याध्यापक. हे सगळं मुलांना माहीत असतं. पुष्कळदा ई-मेलचं इंग्रजी तपासायला त्यांनाच दिलेलं असतं! अशा मुलीला काउन्सेलर कुणाची वाटणार? आपण ज्याच्याशी तिच्या गुणांची घासाघीस करतो, तो माणूस तिच्या मते आपल्याच पार्टीचा. 'माझं ऐकून घेईल, पण संध्याकाळी बाबांच्या ई-मेलला उत्तर देताना काय लिहील?' आपली मुलं काउन्सेलरला घाबरत नाहीत. त्या खोलीतलं घरी पोचेल याला घाबरतात. तरीही तुमची मुलगी गेली. आता यजमानांचा 'ती काय बोलली' असा ई-मेल गेला, काउन्सेलरने मुलीला नुसतं सांगितलं की तुझ्या वडिलांनी विचारलंय, तर तिला वाटत होतं तेच खरं ठरेल आणि तो दरवाजा तिच्यापुरता बंद होईल. तिला दुसरा कुठला माहीत आहे की नाही, कोण जाणे.

काउन्सेलर सांगेल तरी का, हे वेगळं. बोलणं गुप्त ठेवणं हा त्यांच्या व्यवसायाचा नियम आहे आणि त्याला ठरलेले अपवाद आहेत: मूल स्वतःच्या जिवाला अपाय करेल असं वाटलं, दुसऱ्या कुणाला करेल असं वाटलं, मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला, किंवा कोर्टाने मागितलं. चांगली काउन्सेलर पहिल्याच भेटीत मुलांना हे सांगते. म्हणजे तुमच्या मुलीच्या जिवाला धोका आहे असं तिला वाटलं असतं, तर तुम्हाला मैत्रिणीच्या आईआधी शाळेचा फोन आला असता. हे वाक्य पुन्हा वाचा, रात्री झोप लागायला मदत होईल. तसं बघितलं तर मूल अठराचं होईपर्यंत कायदा पालकांनाच झुकतं माप देतो. १९७४च्या फर्पा कायद्याने शाळेने ठेवलेली मुलाची कागदपत्रं तुम्ही मागू शकता आणि शाळेने ती ४५ दिवसांत दाखवायला हवीत. मात्र काउन्सेलरने निव्वळ स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेली, कुणालाही न दाखवलेली टिपणं त्यात येत नाहीत. काही राज्यांत आणि काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये नियमित समुपदेशनासाठी पालकांची लेखी संमतीही लागते. तुमच्या शाळेचा नियम काय, ते शाळेच्या वेबसाइटवर शांतपणे वाचा. पण हक्क आहे म्हणून तो आजच बजावलाच पाहिजे असं थोडंच आहे!

कॉलेजच्या फाइलचं उत्तर छोटं आहे. अर्जाबरोबर शाळेकडून जातात ते गुणपत्रक, शाळेची माहिती, आणि काउन्सेलरचं शिफारसपत्र. कोण किती वेळा येऊन बसलं, कोण रडलं, याचा त्यात रकाना नाही. उलट, तीन-चारशे मुलं सांभाळणाऱ्या बाईला तुमची मुलगी आडनावापलीकडे माहीत झाली, याचा झाला तर उपयोगच होईल. (हे वाचून उद्या मुलाला 'जा, काउन्सेलरशी जरा गप्पा मारून ये' म्हणून कुणी पाठवू नका. आपल्याकडे तेही होऊ शकतं.)

"आमच्यावर काही येईल का" याचं उत्तर गुळगुळीत करून सांगत नाही. अमेरिकेत शिक्षक, नर्स, काउन्सेलर या सगळ्यांवर कायद्याचं बंधन आहे, की मुलाला घरी मारहाण होते किंवा त्याची हेळसांड होते असा रास्त संशय आला तर बालसंरक्षण खात्याला कळवायचंच. त्यात त्यांच्या मर्जीचा प्रश्न नाही. कळवलं नाही तर तेच अडचणीत येतात. 'फटके देईन हं' हे आपल्याकडे घराघरांत बोललं जातं, तिथल्या कानांना ते वेगळं ऐकू जातं, हे खरं. पण आई ओरडते, बाबा मार्कांवरून आठवडाभर अबोला धरतात, आजी चुलतभावाशी तुलना करते, एवढ्यावरून कुणी दार ठोठावत नाही. हे तर काउन्सेलर सगळ्या देशांच्या मुलांकडून दिवसभर ऐकते. घरात खरोखर हात उचलला जात असेल, तर काळजी काउन्सेलरची करायची नाही, त्या हाताची करायची. आणि 'घरातलं बाहेर बोलायचं नाही' असं मुलीला बजावायचा मोह होईल, तो आवरा. असं बजावलेलं मूल मग बाहेरच्या माणसाने केलेला वाईट स्पर्शसुद्धा लपवायला शिकतं.

तुमच्या पत्रातला एक शब्द तुम्ही जाता जाता लिहिलात, मी मात्र त्याच्यावर थांबले: एच-वन. म्हणजे मुलगी एच-फोरवर, एच-वनवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर. अकरावी हे वर्ष असं, की हे तिला पहिल्यांदा नीट टोचतं. वर्गातल्या सगळ्या जणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी धरतात, तिला परवानगी नाही. पगारी इंटर्नशिप नाही. काउन्सेलर अख्ख्या वर्गाला सांगते, फाफ्साचा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदतीचा, फॉर्म भरा. एच-फोरच्या मुलांना ती सरकारी मदत मिळत नाही. आणि एकवीस पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही, तोवर ग्रीन कार्ड झालं नाही तर स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. २००२च्या बालदर्जा संरक्षण कायद्याने काही मुलांना वयाच्या हिशेबात सवलत मिळते, सगळ्यांना नाही. तुमच्या प्रकरणात ती लागते का, हे वकिलालाच विचारा. मुलं हे सगळं ऑनलाइन वाचतात, एकवीस उणे सोळा असा हिशेब मनात करतात आणि गप्प बसतात, कारण घरात बाबांच्या नोकरीचं टेन्शन आधीच आहे. तुमची मुलगी याच कारणाने रडली असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण एच-फोर म्हणजे काय हे तिच्या काउन्सेलरलाही माहीत असेल याची खात्री नाही, आणि दहा मिनिटांच्या भेटीत ते समजावून सांगायचं काम पुन्हा मुलीच्याच गळ्यात.

इथे मात्र ई-मेल करा. मुलीला आधी विचारून. तुमचा इमिग्रेशनचा दर्जा शाळेला सांगायचं तुमच्यावर बंधन नाही, पण कॉलेजच्या नियोजनासाठी तो काउन्सेलरला माहीत असलेला बरा. चार ओळी पुरतात: मुलगी एच-फोरवर आहे, तिला नोकरी करता येत नाही, सरकारी मदत मिळत नाही, आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत तिची फी कोणत्या दराने धरतात आणि नागरिकत्वाची अट नसलेल्या कोणत्या शिष्यवृत्त्या आहेत, यात मदत हवी आहे. खाली एक ओळ अशी लिहिता येईल, की ती तुमच्याशी जे बोलते ते तिचं आहे, आम्हाला सांगण्याची अपेक्षा नाही. आणि हा ई-मेल मुलीला दाखवून मग पाठवा. गेल्या वर्षीच्या गणिताच्या पत्रव्यवहारानंतर त्या शेवटच्या ओळीचं वजन तिला नेमकं कळेल.

मुलीशी घरी काय बोलायचं? मैत्रिणीच्या आईचं नाव काढू नका, नाहीतर ती मैत्रीणही जाईल. पोर्टल तर तुम्ही स्वतःच पाहिलंय, तेवढंच सांगा: "तू काउन्सेलरकडे जातेस असं दिसलं. काय बोलतेस ते विचारत नाही. जावंसं वाटलं तर जात राहा, मला चालेल." मग विषय बदला, खरोखर बदला. दुसऱ्या दिवशी 'मग, काय ठरलं?' नको. रोज संध्याकाळी पोर्टल उघडून तिसऱ्या तासाचा शेरा शोधणंही बंद करा. 'आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य या महिन्यात घरात कुणाच्याही तोंडून निघू नये, बाबांच्याही. झोप उडाली, जेवण सुटलं, नाच सोडून दिला, मैत्रिणींत जाईनाशी झाली, असं काही दिसलं तर मात्र वाट बघू नका. मरणाची भाषा तोंडात आली तर तासभरही नको. ९८८ हा आत्महत्येचे विचार आणि मानसिक संकट यांसाठीचा मदतीचा नंबर अमेरिकेत २०२२च्या जुलैपासून रात्रंदिवस चालू आहे, त्यावर फोनही करता येतो आणि मेसेजही. तो मुलीच्या फोनमध्येही असू द्या, तुमच्याही.

शाळेची काउन्सेलर म्हणजे थेरपिस्ट नव्हे, हेही ध्यानात असू द्या. दर आठवड्याला पाऊण तास बसायला तिच्याकडे वेळ नसतो आणि ते तिचं कामही नाही. गरज वाटली तर ती बाहेरच्या थेरपिस्टांची यादी देते, आणि तुमच्या विम्यात कोण बसतं ते तुम्ही बघायचं. आपल्यातले पुष्कळ जण अशा वेळी पुण्या-ठाण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हिडिओवर गाठायचं म्हणतात. मुलीसाठी तो पहिला पर्याय धरू नका. पेशंट ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचा परवाना थेरपिस्टकडे लागतो, शिवाय अर्ध्या रात्री काही झालं तर इथली व्यवस्था हाताशी हवी. भारतीय घरांची नस कळणारा, इथला परवाना असलेला थेरपिस्ट शोधा, आता बरेच आहेत. तो 'आजीसमोर?' असं विचारायची वेळ आणत नाही.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. वेल्समध्ये २०१३च्या कायद्याने ११ ते १८ वयाच्या मुलांना समुपदेशन उपलब्ध करून देणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये तसा कायदा नाही, तिथे मूल आधी फॉर्म ट्यूटर म्हणजे वर्गशिक्षक किंवा हेड ऑफ इयर म्हणजे इयत्ताप्रमुख यांच्याकडे जातं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८५च्या गिलिक निकालापासून, पुरेशी समज असलेल्या सोळाखालच्या मुलालाही स्वतःच्या उपचारांना संमती देता येते, त्यामुळे 'आम्हाला का सांगितलं नाही' म्हणून शाळेत जाऊन भांडण्यात अर्थ नसतो. मुलांसाठीचे फोन: ब्रिटनमध्ये चाइल्डलाइन ०८०० ११११, ऑस्ट्रेलियात किड्स हेल्पलाइन १८०० ५५ १८००, कॅनडात किड्स हेल्प फोन १-८००-६६८-६८६८.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीत मुलीला मन मोकळं करायला मावशी होती, वाड्यातली एखादी काकू होती, दुपारी निवडायला बसलेल्या चार बायका होत्या. आपल्या पिढीत दहावीनंतर ज्ञानप्रबोधिनीत किंवा कुठे तरी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट दिली, सायन्स की कॉमर्स ते ठरलं, समुपदेशनाशी आपला संबंध तिथे संपला. तुमच्या मुलीला चालत जाऊन गाठता येईल अशी मावशी साडेबारा हजार किलोमीटरवर आहे आणि इकडे संध्याकाळ होते तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. एवढं सांगितलंत की त्यांना पटेल, बहुधा पहिल्याच फटक्यात. फक्त नात काउन्सेलरकडे का जाते याचे अंदाज त्या सांगलीला फोनवरून सांगणार नाहीत, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. आधी कुणाकुणाला सांगून झालंय ते विचारा, आणि त्यात मुलीच्या चुलतभावंडांपर्यंत बातमी पोचली असेल तर ते मुलीला तुम्हीच सांगा, इन्स्टाग्रामवरून कळण्याआधी.